गाडीतली समई

रोज सकाळी आठ वाजता नागेंद्रअण्णा गाडीत समई लावायचे.

तेल नाही, वात नाही, काडेपेटी नाही. चप्पल दाराबाहेर काढायची, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, इंजिन चालू करायचं आणि गियरच्या शेजारचं एक बारकं बटन बोटानं दाबून धरायचं. एक, दोन, तीन. की समोर वेगाच्या काट्यांच्या मधे एक पिवळा दिवा लागायचा. घसरणारी गाडी आणि तिच्यामागं दोन नागमोडी रेघा, असलं ते चित्र. दिवा लागला आणि हलला नाही, की अण्णा हात जोडायचे, डोळे मिटायचे, तोंडातल्या तोंडात कायतरी पुटपुटायचे. मग उतरून, चप्पल घालून मागच्या सीटवर. "चल रं मष्ण्या."

मष्णू स्टेअरिंगवर बसायचा. गाडी फाटकातून बाहेर काढायचा. पहिल्या वळणावर अण्णांचं डोकं मोबाईलात गेलं की तेच बटन हळूच एकदा टोचायचा. समई विझायची.

चार महिने हे असंच. एकानं लावायची, दुसऱ्यानं विझवायची. आणि या येड्या कारभाराचा मूळपुरुष कोण, तर मष्णूच.

चोपन्न वर्षांचा गडी. अण्णांची उद्यमबागला लोखंड ओतायची फाउंड्री, आणि तिथं मष्णू अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर. जीपपासून सुरू केलं ते या चारशे घोड्यांच्या गाडीपर्यंत आला. आता कंबर धरायची, गुडघे कुरकुरायचे, डाव्या खांद्यात रात्रभर ठणका. खानापूरकडं गावात बायको यशोदाबाई काजूची झाडं सांभाळत वाट बघत होती. रोज फोनवर एकच : "आवं, सुटला काय?"

सुटायचं खरंच ठरलं होतं. अण्णांनी शब्द दिलेला, "नवी गाडी मला चालवाय आली की तू मोकळा. ह्या रविवारी आमच्या थोरल्या आक्काला निपाणीला पोचवाय मी सोता नेनार. त्या दिवशी तू पिशवी भर."

मष्णूनं पिशवी बुधवारीच भरली. आणि गुरुवारी अवकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी समई लावायला अण्णा होते. विझवायला कोण?

आता ही समई आली कुठनं ते ऐका.

गाडी आली ती दिवाळीतल्या अमावास्येला. मष्णू पहाटे चारला उठून पुण्याला गेलता, तिथनं चालवत आणलेली. पोटात अन्नाचा कण नाही. अण्णांच्या दारात गुळगुळीत ग्रॅनाइट, आरशासारखा. पूजा झाली, हार घातला, नारळ फोडला, पाणी फरशीवर वाहिलं. चार चाकांखाली चार लिंबं. अण्णा हौसेनं स्टेअरिंगवर बसले आणि शर्यतीच्या बैलाला चाबूक मारावा तसा पाय दिला.

मागची चाकं ओल्या फरशीवर सुटली. गाडीनं ते ओळखलं, इंजिनाची ताकद कापली आणि पिवळा दिवा फडफडू लागला. गाडी थरथरली, पण लिंबावरनं पुढं सरकेना.

"दिवा फडफडाला रं!" मालुआक्का ओरडल्या. अण्णांची थोरली बहीण, निपाणीला दिलेली. तंबाखूच्या वखारीत नवऱ्याच्या बरोबरीनं जन्म काढलेली बाई, नुसता वास घेऊन माल कुठल्या शिवारातला ते सांगायची. तिचा शब्द म्हणजे अण्णांना कोर्टाचा निकाल. "पूजेत वात फडफडू ने, नागेंद्रा. वंगाळ असतंय."

अण्णांचं तोंड उतरलं. आणि आत पंगतीला भात निवत होता.

मष्णूला नियम ठाऊक होता. चाक जागेवरच फिरत असलं तर ती ताकद कापणारी राखण घटकाभर बंद करायची, गाडी बाहेर काढायची, परत चालू करायची. त्यानं दारातनं हात घालून बटन तीन मोजेपर्यंत दाबलं. दिवा फडफडायचा थांबला आणि स्थिर लागला. चाकांनी लिंबं चिरडली, गाडी पुढं गेली.

"घ्या," मष्णू म्हणाला, "लागली समई. आता हलत न्हाय. चला, जेवाय वाढा."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी चप्पल काढली.

मष्णूला आधी लई मजा वाटली. फाउंड्रीत जाऊन नक्कल करून दाखवली. तसा तो स्वभावानंच खोडसाळ. मॅनेजर ओमकारला त्यानं सांगितलेलं, की गाडी बोललेलं ऐकते, पण कर्नाटकात पासिंग झाल्यामुळं फक्त कन्नड ऐकते. ओमकार बिचारा भर दुपारी रिकाम्या गाडीसमोर उभा राहून "होगु! होगु!", म्हणजे जा जा, करत होता आणि पन्नास कामगार खिडकीला चिकटलेले. असल्या गोष्टींवर मष्णूचं नाव चालायचं.

पण आठ दिवसांनी मजा सरली. उरलं ते रोजचं विझवणं. सांगावं म्हटलं तर अण्णा हात जोडलेले दिसायचे. आज नको, उद्या सांगू. कंबर दुखते, उद्या सांगू. असे चार महिने गेले.

शुक्रवारी सकाळी शिकवणी होती. अण्णा चालवत होते, मष्णू शेजारी. भुरभुर थांबलेली. कॅम्पातल्या सरळ, झाडांच्या रस्त्यावर अण्णांनी गाडीची चाल बदलायचं, मोडचं चाक फिरवलं.

"ह्यो इको. म्हंजे एकादशी," अण्णा म्हणाले. हे सगळं मष्णूचंच शिकवलेलं. "खायाला कमी, पळायला कमी."

"व्हय."

"ह्यो कम्फर्ट. वऱ्हाड घिऊन चाललाव, म्हातारी मानसं मागं बसल्यात, धक्का लागू ने."

"व्हय. रविवारी ह्योच ठेवा."

"आनि ह्यो स्पोर्ट!" अण्णांनी चाक फिरवलं. काटे लाल झाले, इंजिनाचा आवाज खाली उतरला, स्टेअरिंग हाताला घट्ट लागलं. "शर्यतीची जोडी! पाय ठिवायचा अवकाश, की उधळली. रविवारी निपाणीच्या तवंदी घाटात ह्योच."

"अण्णा, गाडी बाजूला घ्या. बोलायचं हाय."

अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"ती समई न्हाय," मष्णू म्हणाला.

"कुठली?"

"ती पिवळी. गाडीला चारशे घोडं हाईत, अण्णा, आनि चारशेच्या चारशे मागच्या दोन चाकांवर जुंपल्यात. चाक घसरालंय असं दिसलं की गाडी आपली आपन कासरा वडती. त्या टायमाला दिवा फडफडतोय. फडफडला म्हंजे कासरा धरलेला हाय. तुमी बटन दाबून धरता आनि दिवा नुसता लागून ऱ्हातोय, तवा कासरा सुटलेला असतोय. गाडी सांगालीय, की आता माझ्यावर न्हाय, तुमचं तुमी बगा. स्पोर्टमदे तर ती आदीच कासरा ढिला सोडती. त्यात तुमी तो हातातनंच टाकलासा तर काय ऱ्हायलं?"

अण्णांनी त्याच्याकडं टक लावून बघितलं. मग मांडीवर थाप मारून हसले. इतकं, की डोळ्यात पाणी आलं.

"मष्ण्या, लेका! जाता जाता बी?"

"खरं सांगालोय."

"ओमकारला बी खरंच सांगितलंतास. त्या वकिलाच्या पोराला सांगितलंतास, सीट गरम व्हायचं बटन म्हंजे पापड भाजायचं. चार म्हैनं झालं समई लावतोय मी. एकदा तरी गाडी घसरली? सांग की!"

घसरली नाही, कारण मी विझवत होतो, हे मष्णूच्या जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. ते सांगायचं म्हणजे चार महिने रोज सकाळी जोडलेले ते दोन हात, त्यांची लाज काढायची. आणि शिकवणीला तर रस्ता कोरडा, चाळीसचा वेग. तिथं समई लावली काय आणि न लावली काय.

गाडीचं पुस्तक होतं. इंग्रजीतलं, जाडजूड. दुपारी मष्णू ते घेऊन ओमकारच्या टेबलापाशी गेला.

"ओमकारसाहेब, ह्ये एक पान अण्णांना वाचून दाखवा."

ओमकारनं पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही. "न्हाय जमायचं. काय लपवलायस ह्यात?"

"काय न्हाय ओ. नुसतं पान."

"मागं बी नुसतं 'होगु' म्हना म्हनलातास. आजून गडी माज्या माघारी होगुसाहेब म्हनत्यात. ने ते हितनं."

मग उरल्या आक्का. संध्याकाळी त्या अंगणात कुंद्याच्या मिठाईचे डबे मोजून पिशवीत भरत होत्या, निपाणीच्या नातवंडांना. मष्णू पायरीवर बसला. बसताना तोंडातनं "आई गं" निघालं.

"आक्का, रविवारी मी येऊ काय बरोबर?"

"का रं? नागेंद्रा म्हनाला, तू सुटलास."

"निपाणीच्या वाटंवर वंटमुरी घाटात उसाच्या ट्रॉल्या चालू हाईत. चाकाला लागून रानातली काळी माती रस्त्यावर पडतीया. वर ही भुरभुर. नुसतं तूप झालंय."

"मग? गाडीत समई हाय की."

मष्णूनं कपाळाला हात लावला. सगळं परत सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं, डब्याचं झाकण बोटांनी दाबत.

"मष्णू," त्या म्हणाल्या, "तुला जायाचं हाय, खरं जीव हितनं निगंना झालाय. म्हनून तू कायतरी काढालास. व्हय का न्हाय?"

"न्हाय ओ आक्का. मला तर आत्ता, ह्या पायरीवरनं उठून जायाचंय."

"मग जा की."

तेच तर होत नव्हतं. रात्री यशोदाबाईचा फोन आला. "आवं, सुटला काय?" मष्णू म्हणाला, "अजून एक वळान ऱ्हायलंय." ती म्हणाली, "तुमचं वळान कदी सरायचं, देवाला म्हाईत," आणि फोन ठेवला.

आयुष्यभर थापा मारल्या, एकूण एक खपल्या. पहिल्यांदा खरं बोलला तर गिऱ्हाईक मिळेना. झोपेत मष्णूला दिवा दिसत राहिला. स्थिर. हलत नव्हता.

शनिवारी दुपारची शिफ्ट सुटली, फाउंड्रीचं आवार रिकामं झालं. मागं पत्र्याच्या शेडजवळ जळक्या वाळूचा ढीग होता. साच्यातनं निघालेली, काळी, पिठासारखी बारीक. सिमेंटवर ही वाळू सांडली की माणूस कसा उताणा पडतो ते फाउंड्रीतल्या प्रत्येकाला ठाऊक. मष्णूनं फावडं घेतलं, ढकलगाडी घेतली. एक खेप, दोन खेपा. सहाव्या खेपेला कंबर बोलायची बंद झाली, नुसती जळायला लागली. अकराव्या खेपेला ओमकार दारात आला.

"आता ह्ये काय नवीन नाटक?"

"शेवटचं."

"मी न्हाय बा फसनार."

"नका फसू. नुसतं त्या फाटकाजवळ हुबं ऱ्हावा. कोन आत यायला नको."

आवार मोठं, मधे खांब नाही, भिंत लांब. मष्णूनं वाळू पातळ पसरली आणि वर पाण्याचा पाइप फिरवला. मग अण्णांना फोन केला. "आक्कांना बी आना. जाता जाता एक गंमत दावतो."

गंमत म्हटल्यावर दोघं लगेच आली.

अण्णा स्टेअरिंगवर, मष्णू शेजारी. आक्का खाली थांबतील असं त्याला वाटलेलं, पण त्या मागं बसल्याच, मांडीवर कुंद्याचा एक डबा. वाटेत घेतलेला, मोजणीत राहिलेल्या नातवाचा.

"पट्टा लावा, आक्का. मागं असला तरी लावा. अण्णा, समई लावा."

एक, दोन, तीन. दिवा लागला. हात जोडले.

"आता स्पोर्ट. आता सरळ त्या वाळूवर, वीसच्या वेगात. आनि मी म्हनलो की उजवीकडं वळत पाय द्या. तवंदीला ट्रक मागं टाकताना द्याल, तसा."

"येवडंच?"

"येवडंच."

गाडी वाळूवर आली. "द्या," मष्णू म्हणाला.

अण्णांनी दिला.

गाडीचं ढुंगण डावीकडं गेलं. अण्णांनी स्टेअरिंग ओढलं, पण ओढलेलं कुणी ऐकत नव्हतं. शेड समोरनं गेलं, भिंत गेली, फाटक गेलं, फाटकातला ओमकार तोंड उघडं ठेवून गेला, परत शेड आलं. चारशे घोडे चौखूर, आणि वर पिवळी समई अगदी शांत, देवघरातल्यासारखी. मष्णूनं ओरडून सांगितलं, "पाय काढा!" गाडी दीड फेरा मारून, आली त्या दिशेला तोंड करून थांबली.

काळी वाळू काचेवरनं खाली सरकत होती. अण्णांचे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते.

"नागेंद्रा," मागनं आक्का म्हणाल्या, आवाज बारीक, "दिवा तर लागलेला होता."

"परत," मष्णू म्हणाला. त्याला थांबून चालणार नव्हतं. थांबला असता तर परत उठला नसता. त्यानं बटन टोचलं. दिवा विझला. "तसंच करायचं. तेवडाच वेग, तेवडाच पाय."

"मी न्हाय करनार."

"अण्णा, उद्या वंटमुरीला करनार हाईसा. आज हितं करा. हितं भिंत लांब हाय."

अण्णांनी केलं. उजवीकडं वळत पाय दिला. मागचं चाक घसरलं, तेवढ्यात इंजिनाचा आवाज दबला, चाकाला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं गाडी जरा चाचरली, आणि दिवा फडफडला. फडफड, फडफड. अण्णा दचकले. गाडी मात्र शहाण्या बैलासारखी वळली आणि वाळूच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

"फडफडला," अण्णा म्हणाले.

"फडफडू दे. जे चाक घसरालंय, त्याच्या तोंडातला घास गाडीनं काढून घेटला. वरनं जरा ब्रेक लावला. तेवडंच. येका सेकंदात धा येळा करती. आपला पाय एकदा बी करत न्हाय."

आक्का पुढं वाकल्या. त्यांनी त्या विझलेल्या जागेकडं बघितलं, लिलावात मालाकडं बघावं तसं. "म्हंजे वाऱ्यात कुनीतरी वातीला हात आडवा धरल्यागत," त्या म्हणाल्या. "फडफडतीया म्हंजे राखन चालू हाय. हात काडला की गप जळती, आनि घर बी जाळती."

"तसंच, आक्का."

अण्णांनी इंजिन बंद केलं.

"चार म्हैनं मी लावत हुतो. मग आदी का घसरली न्हाय?"

आता टाळायला जागा उरली नव्हती. "पयल्या वळनावर मी विझवत हुतो."

"रोज?"

"रोज. सांजच्याला तुमी लावलासा तर सांजच्याला बी."

"मी हात जोडत हुतो, मष्ण्या. तू बाजूला हुबा ऱ्हाऊन बगत हुतास. हसत हुतास?"

"पयलं आट दीस हसलो, अण्णा. मग नुसतं विझवलं."

अण्णा उतरले. चप्पल घरच्या दारात राहिलेली, तसेच अनवाणी, वाळूतनं, पाठीमागं न बघता केबिनमधे गेले. आक्का त्यांच्या मागनं. ओमकार फाटक लावून निघून गेला, न हसता.

मष्णूनं फावडं उचललं. पसरलेली वाळू परत ढिगाला लावायची होती, सोमवारी गडी पडायला नकोत. अकरा खेपा. सोडलं की हाकललं, ते त्याला कळलं नव्हतं. दोन्हीत गाव एकच, पण अठ्ठावीस वर्षांनी हाकललेला माणूस कुठल्या तोंडानं बसमधनं उतरतो?

रविवारी सकाळी आठला तो पिशवी घेऊन फाटकाशी उभा होता. अण्णा आले. त्याच्याकडं बघितलं नाही. चप्पल काढली, बसले, गाडी चालू केली. बोट सवयीनं बटनाकडं गेलं, वर थांबलं, मागं आलं. काट्यांच्या मधे काळोख. अण्णांनी त्या काळोखालाच हात जोडले. मग मोडचं चाक कम्फर्टवर आहे का ते बघितलं आणि गाडी निघाली. मागच्या काचेतनं आक्कांनी हात हलवला. अण्णांनी नाही.

मष्णू बसस्टँडवर येऊन बाकावर टेकला. खानापूरची बस लागायची होती. सव्वानऊ झाले. साडेनऊ. एव्हाना वंटमुरी उतरले असतील. आता हत्तरगी. आता तवंदी चढत असतील. फोन वाजला.

"मष्ण्या." अण्णांचा आवाज पार खाली गेलेला.

"बोला की, अण्णा."

"तवंदीला गाडी फिरली रं."

मष्णू उभा राहिला. पिशवी खाली पडली. "कशी? दिवा... आक्का कुटं हाईत? अण्णा? आक्का बऱ्या हाईत न्हवं?"

पलीकडं काहीच नाही. नुसता वारा. मष्णूनं बाकाचा दांडा धरला.

मग कुठूनतरी खी खी खी ऐकू आलं आणि आक्कांचा आवाज, "लांब धर रं फोन, माजा च्या सांडला!"

"पयलं आट दीस तू हसलास," अण्णा म्हणाले. "आमचा आपला येकच दीस."

मष्णू मटकन बाकावर बसला.

"निपाणीत च्या प्याय थांबलाव. वंटमुरीला फडफडला, बरं का. उसाचा गाळ हुता. मी घाबरलो, तर आक्का म्हनाली, गप, राखालंय कोनतरी. गेली सरळ." पलीकडं चहाचा भुरका ऐकू आला. "मष्ण्या."

"जी."

"गावाकडं पोचलास की फोन कर."

फोन बंद झाला. खानापूरची बस लागली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडू लागला. मष्णूनं उठायला जोर केला. पाय उठले नाहीत. एरवी अशी चेष्टा दुसऱ्यानं केली असती तर त्यानं पोट धरून दाद दिली असती. आता हसायलाही दम पाहिजे होता.

बस भरली आणि निघून गेली. त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली, वर डोकं टेकलं आणि यशोदाबाईला फोन लावला.

"आवं, सुटला काय?"

"सुटलो," मष्णू म्हणाला. "पुडच्या बसनं येतो. जरा बसतो."